रात्री हात थांबत नाही तो संयम कमी म्हणून नव्हे

ताई, तुम्ही विचारलंय की दिवसभर डाएट कडक पाळते पण रात्री अकरानंतर फरसाणचा पुडा हातात आला की संपेपर्यंत थांबवत नाही, निम्म्यानंतर तर चवही लागत नाही, मग माझ्यात कंट्रोलच नाही का. मी स्वतः बिंज ईटिंगची, म्हणजे एका बैठकीत आवरता न येणाऱ्या खाण्याची, ट्रीटमेंट घेतलीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चव लागत नाही हे तुम्ही सहज लिहिलंत पण खरी मेख तिथेच आहे. एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ लागणं, मेंदूत या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधक केंट बेरिज यांनी ज्या उंदरांचं डोपामिन, म्हणजे मेंदूतलं ओढ लावणारं रसायन, जवळजवळ संपवलं होतं ते समोरचं अन्न आपणहून खाईनात, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की ओठ चाटायचे. म्हणजे गोडी शाबूत, ओढ गायब. तुमचं नेमकं उलट होतंय, मजा संपली तरी ओढ चालूच.

आणि ती सुरू होते कधी तर पुडा फोडायच्या आधीच. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांना आधी एक खूण दिसायची, मग रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या, सवय झाल्यावर मात्र नुसत्या खुणेलाच, आणि खुणेनंतर रस आलाच नाही तर त्या नेहमीपेक्षाही मंदावायच्या. तुमच्याकडे मुलं झोपली, टीव्ही लागला, फोनवर ऑफर आली, या सगळ्या खुणाच. तेव्हा पुडा मांडीवर घेऊन दोनच घास खाईन म्हणणं फार अवघड असतं हो, त्यापेक्षा तो घरात न आणणं कितीतरी सोपं.

त्यात दिवसभराची उपासमार. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने साधारण निम्म्या जेवणावर ठेवलं, तर ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, डोक्यात सतत खाणं, आणि नंतर पोटभर मिळायला लागल्यावर काहीजण तर आजारी पडेपर्यंत खायचे. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेली मुलं होती ती, त्यांना संयम नव्हता असं कोण म्हणेल?

वजनाचंही तेच, 2019 मध्ये अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या टीमने 20 जणांना दोन आठवडे पाकीटबंद प्रोसेस्ड खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं, हवं तेवढं खा म्हणून, तर प्रोसेस्डवर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. माणसं तीच, ताटातलं फक्त बदललं.

म्हणून माझं स्पष्ट मत, आधी डाएट सोडा. दर तीन-चार तासांनी नीट खा, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, संध्याकाळी पाचला काहीतरी पोटभरीचं, आदल्या रात्री बिंज झालं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवू नका. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची थेरपी, करणारे थेरपिस्ट सुरुवात इथूनच करतात.

आता तुमच्या भाचीबद्दल, जी जेवण तोडतेय आणि जिचा कंट्रोल बघ म्हणून घरात कौतुक चाललंय. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजारात, मोठ्या, लांबच्या फायद्यासाठी थांबणं या मुलींना इतरांपेक्षा सोपं जातं असं दिसलंय, पण 2015 च्या एका अभ्यासात त्यांनी पदार्थ निवडताना मेंदूचा सवयींशी जोडलेला भाग गुंतलेला दिसला. म्हणजे तिला निग्रह वाटतो ती घट्ट बसलेली सवयही असू शकते, आणि मग नुसतं समजावून ती सुटत नाही. पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल किंवा ती उलट्या काढत असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे रक्ततपासणी आणि ईसीजी आधी, सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट त्याच्या जोडीने.