आधी उजवा गाल बघ, मग क्रीम घे

तुझा प्रश्न सकाळीच वाचला, तेव्हाच लिहिणार होते पण डबे, कुकर, कामवालीची सुट्टी, राहिलंच. थोडक्यात तुझं म्हणणं असं की वय ४३, कपाळावर दोन आडव्या रेघा, हसलं की डोळ्यांच्या कडेला जाळी, भाचीचं लग्न चार महिन्यांवर, सासूबाई म्हणतात साय लाव, रील्सवाले म्हणतात लिंबू आणि तांदळाचं पीठ, आणि पार्लरवालीने फेशियलचं पॅकेज गळ्यात मारून वर एक बिनलेबलची नाईट क्रीमची डबी दिलीय. तर नक्की काय लावू. मी ५६ ची आहे म्हणून सरळ एकेरीत बोलते, रागावू नकोस. आणि मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आयुष्य गेलं, पण या चेहऱ्यावर पैसेही घालवलेत आणि एकदा चांगली पोळलेही आहे, त्या जोरावर सांगतेय.

कुठलंही क्रीम घ्यायच्या आधी एक कर. सकाळी तोंड धुऊन खिडकीपाशी उभी राहा आणि दोन्ही बाजू नीट बघ. मी पन्नाशीला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गाडी तुम्ही स्वतः चालवता का? मी म्हटलं हो, पण तुम्हाला कसं कळलं. त्यांनी हातात आरसा दिला. उजव्या डोळ्याच्या कडेला सहा रेघा, डावीकडे तीन, आणि गालाच्या हाडावर वांगाचा डाग फक्त उजवीकडे. १४ वर्षं मी विश्रांतवाडीहून आळंदीमार्गे चाकणला जायचे. सकाळी तोंड उत्तरेला म्हणजे ऊन उजवीकडून, संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेला म्हणजे मावळतीचं ऊन पुन्हा उजवीकडूनच! मला इतकी वर्षं वाटत होतं की मी उजव्या कुशीवर झोपते म्हणून असेल.

नंतर कळलं की हे जगजाहीर आहे. अमेरिकेतल्या एका ट्रकवाल्याचा फोटो २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता, ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं ट्रक चालवला, त्यांच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून त्याचा डावा अर्धा चेहरा असा लोंबलेला आणि खोल सुरकुत्यांचा की दोन वेगळ्या माणसांचे अर्धे चेहरे जोडल्यासारखं वाटतं. नेटवर शोध, दिसेल. कारण असं की उन्हातले यूव्हीबी किरण त्वचा भाजतात पण ते काच बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र काचेतून आत येतात, चटका बसत नाही त्यामुळे कळतही नाही, आणि ते खोल जाऊन त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजेन तोडतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असते ती बरंच अडवते, बाजूची साधी असते, तिथून येतात. फिल्म लावावी म्हटलं तर २०१२ मध्येच सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्म बंद केल्या, म्हणजे राहिलं सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या.

म्हणून माझं मत विचारशील तर सुरकुत्यांसाठी पहिला खर्च सनस्क्रीनवर, बाकी सगळं नंतर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नँबूर गावात ९०३ लोकांवर साडेचार वर्षं पाहणी केली होती, निकाल २०१३ ला आला, हाताच्या पाठीवरच्या कातडीचे साचे काढून तपासले, आणि रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांत वयाच्या खुणा २४ टक्के कमी वाढल्या. आता ती गोरी माणसं, आपलं कातडं सावळं, आपल्याकडे सुरकुत्या तशाही उशिरा येतात आणि आधी वांग, डाग, काळवंडणं येतं. पण ऊन तेच आहे, आणि मे महिन्यातलं आपलं ऊन तर विचारूच नको.

बहुतेक बायका म्हणतात मी लावते की रोज, आणि ट्यूब विचारली तर गणपतीत घेतलेली होळीला चालू असते. लेबलवरचा एसपीएफ हा चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजलेला असतो, त्या हिशोबाने चेहऱ्याला सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढायच्या, मानेला वेगळं. अकाउंट्सवाली आहे, हिशोब करणारच, ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावलं तरी दीड महिन्यात संपली पाहिजे. सहा महिने पुरत असेल तर तू मटारएवढं लावतेस आणि डब्यावरचा ५० आकडा फक्त डब्यावरच आहे. एसपीएफ ३० आणि ५० मध्ये फरक थोडाच, ९७ आणि ९८ टक्के यूव्हीबी अडतं, त्यापेक्षा पीएपुढे अधिकची चिन्हं तीन-चार आहेत का ते बघ, ती यूव्हीएची. महागडं घेऊन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा स्वस्तातलं घेऊन भरपूर लाव. आणि वांग असेल तर टिंटेड म्हणजे त्वचेच्या रंगाचं घे, त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं, शिवाय चेहरा पांढराफटक दिसत नाही.

स्कार्फचं पण बोलते कारण पुण्यातल्या आपण सगळ्या तेवढ्यावर निर्धास्त असतो. स्कूटीवर तोंड गुंडाळलं की झालं. अगं पण पातळ पांढऱ्या ओढणीतून बरंच ऊन आत येतं, गडद आणि घट्ट विणीचं कापड चांगलं, आणि सगळं झाकून उघडं काय राहतं, तर डोळे आणि त्यांच्या कडा! नेमकी जिथे तुझी जाळी आहे तिथे. वर डोळे बारीक करून चालवायचं म्हणजे तेच स्नायू दिवसभर आवळायचे. चांगला गॉगल घे, यूव्ही ४०० लिहिलेला, डोळ्यांखालच्या कुठल्याही क्रीमपेक्षा तो जास्त कामाचा.

आता लावायच्या औषधाचं. खरोखर सुरकुत्या कमी करतं असं ज्याबद्दल सगळ्यात ठामपणे सांगता येईल ते ट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए च्या घरातलं. त्याची गंमत म्हणजे ते मुळात मुरुमांचं औषध. अमेरिकेत क्लिगमन नावाच्या डॉक्टरने ते आणलं, १९७१ ला मंजूर झालं, आणि मग मुरुमांसाठी लावणाऱ्या वयस्कर बायका सांगायला लागल्या की डॉक्टर आमच्या सुरकुत्या पण कमी झाल्यात. (याच माणसाने होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग केले होते ते वाचलं तेव्हापासून ट्यूब हातात घेताना जरा कसंतरीच होतं, पण औषध चालतं हे खरं.) इथे ते शेड्यूल एच मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मेडिकलवाला देईलही, पण तू चिठ्ठी घेऊनच आण, कारण ०.०२५ टक्के घ्यायचं का ०.०५ हे दुसऱ्या कुणी बघून ठरवलेलं बरं.

माझा अनुभव सांगते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज लावलं, दहाव्या दिवशी तोंडाच्या कडेची सालं निघाली, भाजीला फोडणी देताना वाफ लागली तरी झोंबायचं. मग डॉक्टर म्हणाले कशाला घाई, आठवड्यातून दोन रात्री लावा. पूर्ण चेहऱ्याला मिळून मटाराएवढं, तोंड धुऊन कोरडं झाल्यावर, आधी साधं मॉइश्चरायझर, मग हे, मग परत मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे सोडून. रात्रीच, कारण उजेडात ते खराब होतं. महिनाभर दोन रात्री, मग एक दिवसाआड, मी आजही रोज लावत नाही. तीन महिने काही दिसत नाही, उलट पहिल्या महिन्यात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो आणि तिथेच निम्म्या जणी सोडतात. मला पाचव्या-सहाव्या महिन्यात फरक दिसला, बारीक रेघा पुसट झाल्या, वांग हलका झाला, खोल रेघा आहेत तिथेच आहेत.

एक कुणी सांगत नाही ते, हे चालू असताना अप्परलिपला वॅक्स करू नकोस. मी केलं. पट्टीबरोबर केस आले तशी कातडीही आली, आठ दिवस ओठावर खपली घेऊन ऑफिसला गेले, सगळे विचारायचे कुठे पडलात का. वॅक्स करायचंच तर निदान आठवडाभर आधी हे औषध बंद ठेवायचं, ब्लीचच्या आधी पण. आणि ट्यूब भाचीला देऊ नकोस हौसेने, दिवस राहिलेले असताना किंवा तशी शक्यता असताना हे लावत नाहीत. तुलाही लागू आहे ते, ४३ म्हणजे काही सुटका झालेली नसते. 😄

चिठ्ठीच्या भानगडीत पडायचंच नसेल तर दुकानात रेटिनॉल मिळतं. त्वचेत गेल्यावर त्याचं दोन पायऱ्यांनी तेच औषध बनतं, त्यामुळे कमी जोराचं, कमी झोंबणारं आणि हळू. वाईट नाही.

साय. सासूबाईंना दुखवू नकोस, सायीने नुकसान काही नाही. फॅट आहे, कोरडी त्वचा मऊ होते आणि नुसत्या कोरडेपणाच्या ज्या बारीक रेघा असतात त्या तेवढ्यापुरत्या भरून निघतात. तीच गोष्ट ग्लिसरीन-गुलाबपाण्याची, आमची आजी थंडीत लावायची ते अगदी योग्य होतं, फक्त ओलसर तोंडाला लाव, वरून किंचित व्हॅसलिन. टीव्हीवरची ती 'तासाभरात सुरकुत्या गायब' क्रीम्स पण हेच करतात, पाणी धरून ठेवतात, फक्त डबी महाग. कोलॅजेनची क्रीम तर मला नेहमी हसू आणते, तो रेणू एवढा मोठा की कातडीच्या दारातून आत जातच नाही. व्हिटॅमिन सी चं सीरम चालेल, हातात पैसे असतील तर, पण चहासारखं तांबूस झालं की टाकून दे.

लिंबू मात्र अजिबात नको, हात जोडते. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, लिंबाचा दोन, आणि लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली की भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात, ते महिनोन् महिने जात नाहीत. तांदळाच्या पिठाने घासणं पण नको, चेहरा आहे तो, पितळी भांडं नव्हे.

कपाळाच्या रेघांचं वेगळं आहे. भुवया खाली ठेवून चेहरा सैल सोड, रेघ दिसते का? भुवया उचलल्यावरच दिसत असेल तर ती स्नायूची रेघ, तिला क्रीमने फारसा फरक पडत नाही, तिथे बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. मी केलेलं नाही, माझ्या जावेने केलंय आणि छान दिसते, तीन-चार महिने टिकतं, मग परत. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण करायचंच तर लग्नाच्या महिनाभर आधी, आणि एमडी नाहीतर डीव्हीडी झालेल्या स्किनच्या डॉक्टरकडेच (हो, डीव्हीडी असा खरंच त्वचारोगाचा डिप्लोमा आहे), पार्लरच्या आतल्या खोलीत नाही.

आणि पाळी जायच्या सुमारास चेहरा एकदम उतरल्यासारखा वाटला तर 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणून रडत बसू नकोस. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जातं, मला कुणी सांगितलं असतं तर त्या दोन वर्षांत मी सात प्रकारची क्रीम आणली नसती.

लग्नापुरतं म्हणशील तर या आठवड्यापासून सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर सुरू कर, डॉक्टरांनी दिलं तर ट्रेटिनॉइन दोन रात्री, आणि शेवटचे तीन आठवडे काहीही नवीन नको. हळदीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच फेशियल करून तोंड लाल झालेल्या नवरीच्या मावश्या मी दोन पाहिल्यात.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी राहिलं, ती डबी. मी पोळले ते तिथेच. जुन्या घराजवळच्या पार्लरमधून अशीच पांढरी डबी आणली होती, वर फक्त स्टिकर. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात बायकांनी नाव विचारलं, मी दोघींना घेऊनही दिली, त्याची अजून लाज वाटते. दोन महिन्यांनी एक रात्र लावायचं राहिलं की सकाळी गाल लालबुंद, उन्हात गेलं की आग, बारीक फोड आणि गालावर लव. डॉक्टरांनी गाल बघूनच सांगितलं, स्टिरॉइड. त्याने कातडी पातळ होते, कोलॅजेन बनायचंच थांबतं, म्हणजे सुरकुत्या घालवायला आणलेलं सुरकुत्यांचीच तयारी करत होतं. पूर्वपदावर यायला आठ महिने गेले. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची क्रीम्स शेड्यूल एच मध्ये टाकली पण बिनलेबलच्या डबीला कसलं शेड्यूल. काहींत पारा पण असतो, २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला असल्या गोरं करणाऱ्या क्रीम्समुळे किडनीचे पेशंट निघाले होते.

तू ती लावायला सुरुवात केलीयेस की नाही ते लिहिलं नाहीस. केली नसशील तर उघडूच नकोस. काही आठवडे लावून झाली असेल तर बंद कर, पण बंद केल्यावर तोंड लाल झालं म्हणून घाबरून परत लावू नकोस, डबी पिशवीत घालून सरळ डॉक्टरकडे घेऊन जा. किती दिवस लावलीस तेवढं आज रात्री इथे लिही, मी जागी असते साडेअकरापर्यंत.