खेळाचं टपाल: हिरे खाली उतरले, खोदकाम वरच चाललंय

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या टपालात माइनक्राफ्टची, म्हणजे ठोकळ्यांचं जग खोदत खेळायच्या गेमची, भर पडते. या खेपेला नागपूरची पत्रं जास्त आहेत. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय ज्या शहरात, तिथल्या पोरांना खोदकामाचे प्रश्न पडावेत हे रीतसरच झालं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे मोबाइलवरच्या बेडरॉक आणि कॉम्प्युटरवरच्या जावा, दोन्ही आवृत्त्यांना लागू आहेत. 'वाय' म्हणजे गेममधली उंची-खोली सांगणारा आकडा.

प्रश्न: मी वाय ११ वर खोदून राहिलो. मामेभाऊ म्हणे, हिरे तिथंच भेटते. दोन आठवडे झाले, लोखंडाचा ढीग लागला, हिरे फक्त चार. माझ्या वर्ल्डमध्ये हिरेच नाहीत काय?
— दहावीचा विद्यार्थी, महाल

उत्तर: मामेभावाचा आकडा खोटा नाही, जुना आहे. ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ आवृत्ती आली. त्याआधी जगाचा तळ वाय शून्यावर होता आणि ११-१२ ची पातळी खरंच हुकमी होती. आता तळ उणे ६४ वर गेला आहे. हिरे वाय १६ पासून सुरू होतात आणि जितकं खाली जावं तितके दाट होत जातात. म्हणजे ११ वर तू त्यांच्या छपराशी खोदतो आहेस.

पाय उणे ५९ वर येतील असा उतर. त्याखाली, उणे ६० पासून, न फुटणारा बेडरॉक मध्ये मध्ये येतो आणि बोगदा अडतो. मोबाइलवर सेटिंगमधलं 'शो कोऑर्डिनेट्स' चालू केलं की दिसणाऱ्या तीन आकड्यांतला मधला म्हणजे वाय. जावात एफ३ दाब. उतरताना पायऱ्या खोदत जा. पायाखालचा ब्लॉक सरळ फोडायचा नाही, कारण उणे ५५ पासून खालच्या गुहा लाव्हाने भरलेल्या असतात.

खाली पोचल्यावर एक ब्लॉक रुंद, दोन ब्लॉक उंच असा मुख्य बोगदा काढ आणि त्याला काटकोनात फाटे फोड. दोन फाट्यांमध्ये तीन ब्लॉक सोड. दोनच सोडले तर एकही ब्लॉक नजरेतून सुटत नाही हे खरं, पण तेवढ्याच हिऱ्यांसाठी खोदाई वाढते. हिऱ्याची गाठ सहसा एका ब्लॉकपेक्षा मोठी असते, त्यामुळे तीनच्या अंतरात फारसं हुकत नाही. लोखंडी पिकॅक्स २५० ब्लॉक टिकतो, म्हणजे जेमतेम १२५ ब्लॉक लांबीचा बोगदा. शिवाय तिथला डीपस्लेट हा खोलातला दगड साध्या दगडाच्या दुप्पट कडक. तेव्हा तीन-चार पिकॅक्स, पाण्याची बादली, दोन स्टॅक (गठ्ठे) टॉर्च आणि पोटभर खाणं घेऊनच उतर. भिंतीतून लाव्हा आला तर आधी दगड लावून भोक बंद कर. पाणी त्यानंतर.

गुहेत फिरून हिरे वेचणं सोपं वाटतं, पण हवेला लागून येणाऱ्या हिऱ्यांपैकी बरेच गेम जग तयार करतानाच गाळून टाकतो. भरीव दगडातली गाठ शाबूत राहते. म्हणून कंटाळवाणा बोगदाच जास्त देतो.

आणि सापडला की लगेच फोडू नकोस. पहिले पाच घे: तीन पिकॅक्सला, दोन एन्चांटिंग टेबलला (अवजारांवर जादू चढवायचं टेबल). पुढचे जागेवरच ठेवून शेजारी टॉर्च लाव. फॉर्च्यून ३ (जास्त माल पाडणारी जादू) चा पिकॅक्स हाती आला की त्याच एका ब्लॉकमागे सरासरी २.२ हिरे पडतात. तुझ्या ढिगातलं लोखंड तोवर वाया जाणार नाही, काळजी नको.

प्रश्न: नेदरमध्ये (गेममधलं लाव्हाचं पाताळ) पाच दिवस घालवले, एन्शंट डेब्री (नेदराइटचा कच्चा माल) फक्त तीन. टीएनटीला बारूद पुरत नाही. पूर्ण नेदराइटचा सेट करायला एकूण किती माल लागतो, हेही सांगा.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर: आधी हिशेब. एक डेब्री भट्टीत टाकला की एक स्क्रॅप. चार स्क्रॅप आणि चार सोन्याच्या विटा मिळून नेदराइटची एक वीट, आणि हिऱ्याची एक वस्तू नेदराइटची करायला एक वीट. चिलखताचे चार भाग, तलवार, पिकॅक्स, कुऱ्हाड, फावडं अशा आठ वस्तू धरल्या तर ३२ डेब्री आणि ३२ सोन्याच्या विटा. नेदराइटचं खुरपं लोक हौसेखातर करतात. आम्ही ते यादीत धरलेलं नाही.

लोक फसतात ते पुढच्या खर्चात. जून २०२३ मध्ये आलेल्या १.२० पासून प्रत्येक वस्तूमागे एक 'नेदराइट अपग्रेड' साचा लागतो आणि तो एकदाच वापरता येतो. एक साचा, सात हिरे आणि एक नेदररॅक दिला की दोन साचे होतात. पहिला शोधायचा, बाकी सात असे वाढवायचे, म्हणजे ४९ हिरे नुसत्या साच्यांवर. वरच्या महालच्या पत्राचं उत्तर तुम्हीही वाचा. साचा बॅस्टियनमध्ये, म्हणजे नेदरमधल्या डुकरतोंड्या पिगलिनांच्या गढीत, मिळतो. खजिन्याची खोली असलेल्या बॅस्टियनमध्ये तो हमखास, इतर प्रकारांत नशिबावर. अंगावर सोन्याची एक तरी वस्तू असली तर साधे पिगलिन वाटेला जात नाहीत, पण त्यांच्यासमोर पेटी उघडली की सोनं असूनही अंगावर येतात. त्यांच्यातला दांडगा पिगलिन ब्रूट तर सोन्याला जुमानतच नाही.

आता डेब्री. वाय १५ वर सर्वांत दाट, तरी एका चंकमध्ये (१६ बाय १६ ब्लॉकचा तुकडा) बहुतेक एक-दोनच गाठी आणि गाठीत एक ते तीन ब्लॉक. तो तयार होतानाच हवेला लागून येत नाही, त्यामुळे कडेकपारी न्याहाळत फिरणं फुकट जातं. तुमचे पाच दिवस बहुधा तिथेच गेले. भिंत फोडावीच लागते.

बारूद नसेल तर पलंग घ्या. नेदरमध्ये झोपायला गेलं की पलंग फुटतो, आणि तो स्फोट टीएनटीपेक्षा मोठा: टीएनटीची ताकद ४, पलंगाची ५. तीन लोकर आणि तीन फळ्यांत एक पलंग होतो. अडचण एवढीच की पलंगांचा स्टॅक होत नाही, एकेक रकाना अडवतो. वीसेक घेऊन जा. वाय १५ वर एक रुंद, दोन उंच बोगदा काढा, टोकाला पलंग तुमच्यापासून लांब जाईल असा मांडा. एक पाऊल मागे या, मध्ये पायाच्या उंचीवर दगडाचा ब्लॉक ठेवा आणि त्यावरून पलंगावर क्लिक करा. तो मधला ब्लॉक विसरलात तर स्फोट थेट छातीवर. मग खड्डा नीट पाहा. नेदररॅक उडून जातो. डेब्रीला स्फोटाने काही होत नाही, तो तसाच उभा दिसतो. पाच-सहा ब्लॉक पुढे जाऊन पुन्हा तेच.

स्फोटानंतर आग लागते आणि नेदरमध्ये लाव्हा झपाट्याने पसरतो. पाण्याची बादली तिथे चालत नाही. म्हणून फायर रेझिस्टन्सचं औषध प्यालेलंच बरं: नेदर वार्ट, मग मॅग्मा क्रीम, शेवटी रेडस्टोन घातला की तीनऐवजी आठ मिनिटं टिकतं. बसाल्ट डेल्टाच्या प्रदेशात डेब्री असतो, पण बसाल्ट नेदररॅकपेक्षा कितीतरी कडक. तिथे जीव काढण्यापेक्षा दुसरीकडे चला.

प्रश्न: फॉर्च्यून ३ ने डेब्री जास्त पडतो काय?
— एक वाचक, कामठी

उत्तर: नाही. एक फोडा, एकच मिळतो. पिकॅक्स मात्र हिऱ्याचा हवा. लोखंडी चालवला तर ब्लॉक फुटेल आणि हातात काहीच येणार नाही.

प्रश्न: लाव्हात पडून २३ हिरे गेले. परत भेटतील?
— आठवीतली वाचक, मानेवाडा

उत्तर: लाव्हात पडलेले हिरे जळतात, ते गेले. डेब्री आणि नेदराइटच्या वस्तू तेवढ्या लाव्हावर तरंगतात. जमिनीवर मेलीस तर सामान पाच मिनिटं राहतं, पण ती पाच मिनिटं तो भाग गेममध्ये लोड असतानाच मोजली जातात. म्हणून दूर जन्मलीस तर घाबरून उघड्या हाताने धावू नकोस. आधी खाणं, ढाल, पिकॅक्स घे आणि मग जा. जवळ पोचलीस की घड्याळ पुन्हा चालू होतं, तिथे मात्र रेंगाळू नकोस.

पुढच्या वेळी एंडर चेस्ट ही पेटी सोबत ने. आठ ऑब्सिडियन आणि एक आय ऑफ एंडर एवढ्यात होतो. त्यात टाकलेलं कुठल्याही दुसऱ्या एंडर चेस्टमधून काढता येतं, मेल्यावरही. दहा हिरे झाले की त्यात टाक. पेटी परत उचलताना सिल्क टचचा (ब्लॉक अख्खा उचलणारी जादू) पिकॅक्स लागतो, नाहीतर नुसते आठ ऑब्सिडियन हाती येतात. आतला माल मात्र सुखरूप राहतो.

'कीप इन्व्हेंटरी' (मेल्यावरही सामान जवळच ठेवणारी सेटिंग) चालू करायचा सल्ला मैत्रिणी देतील. ती चीट धरली जाते आणि बेडरॉकमध्ये त्या वर्ल्डची अचीव्हमेंट्स कायमची बंद होतात.

प्रश्न: डोंगर पोखरून आठ एमराल्ड (गावकऱ्यांशी सौद्यात चालणारे पाचू) मिळाले. आणखी कुठे खोदू?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर: कुठेच नको. एमराल्ड डोंगराळ प्रदेशातच येतो आणि बहुधा एकेकटा. तो गावातून कमवा. बेकार गावकऱ्याजवळ फ्लेचिंग टेबल ठेवा (दोन फ्लिंट, चार फळ्या), तो फ्लेचर (बाण करणारा) बनतो आणि ३२ काड्यांना एक एमराल्ड देतो. झाडाच्या एका ओंडक्यातून आठ काड्या निघतात, म्हणजे चार ओंडक्यांत एक एमराल्ड. अर्धा तास झाडं तोडली तर डोंगराचे आठ विसरून जाल. १६ सौद्यांनंतर तो देणंघेणं थांबवतो आणि आपल्या टेबलाजवळ जाऊन पुन्हा सुरू करतो, तेही दिवसाला दोनदाच. म्हणून टेबलाची वाट बुजवू नका आणि एकाऐवजी चार फ्लेचर ठेवा. कळमन्याच्या बाजारातही सगळा माल कुणी एकाच अडत्याकडे नेत नाही.

प्रश्न: मुलगा दुपारभर खेळतो, मे महिन्यात फोन तव्यासारखा तापतो आणि गेम अडखळतो. नवा फोन हवा म्हणतो.
— एक आई, मनीषनगर

उत्तर: ताई, आधी सेटिंगमध्ये रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) सहा ते आठ चंकवर आणायला सांगा. बोगद्यात खोदणाऱ्याला तसंही लांबचं दिसायला नको असतं. चार्जिंगला लावून खेळू देऊ नका, जाड कव्हर काढा. फोन कूलरच्या थेट झोतात ठेवायची युक्ती तो काढेलच; त्या झोतात पाण्याचे तुषार असतात, ती चालू देऊ नका. एवढं करून दोन दिवस पाहा, मग नव्या फोनचं बोला.