स्टेटस सगळे बघतात, बोलत कोणीच नाही

हा प्रश्न माझ्याकडे हल्ली फार येतो, की आवडलेली छोटीशी गोष्ट व्हॉट्सॲप स्टेटसला टाकावी आणि कोणी काही बोलू नये, मग टाकल्याचीच लाज वाटते. एक ताई आल्या होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय), पन्नाशीच्या, बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या. तक्रार झोपेची. बोलता बोलता निघालं की रात्री बारापर्यंत स्टेटस कोणी कोणी बघितलं तेच चेक करत बसतात. टाकतात काय तर कुंडीतला सोनटक्का फुलला, आंबेहळदीचं लोणचं जमलं, असलं.

"पस्तीस जण बघून गेले मॅडम, एकानेही विचारलं नाही. शो ऑफ वाटत असेल का हो?"

शो ऑफ कसलं. लँगस्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्येच दाखवलंय की चांगली गोष्ट कोणाला सांगितली की तिचा आनंद आणखी वाढतो. पुढे २००४ मध्ये शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांचा अभ्यास केला, त्यात समोरचा उत्साहाने चार प्रश्न विचारतो तिथे नातं जास्त समाधानाचं दिसलं, नुसतं "छान" म्हणून गप्प बसण्यात तसं काही दिसलं नाही. आता ती जोडपी होती, व्हॉट्सॲप नव्हतं, पण थम्सअप म्हणजे तेच गप्प "छान" असं मला तरी वाटतं.

मी विचारलं, सोनटक्का नक्की कोणाला दाखवायचा होता? तर ठाण्याची मावसबहीण आणि बँकेतली एक मैत्रीण. बाकीच्या पस्तिसात प्लंबर, गॅसवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांनी काय विचारायचं बिचाऱ्यांनी! मग विचारलं, त्या दोघी काही टाकतात तेव्हा तुम्ही काय लिहिता? ताई हसल्या. अंगठा.

ठरलं असं की फोटो थेट त्या दोघींना पाठवायचा, सोबत दोन ओळी, आणि त्यांच्या फोटोवर एक तरी खरा प्रश्न विचारायचा. रीड रिसीट्स बंद केले की स्टेटस कोणी बघितलं ते दिसतच नाही, तेही केलं, निळ्या टिका जातात म्हणून ताई जरा कुरकुरल्या पण केलं. फोन रात्री हॉलमध्ये.

मावसबहिणीचा लगेच फोन आला, कंद ठेव माझ्यासाठी, दिवाळीला येईन तेव्हा नेते, आणि मग तासभर गप्पा. झोप बरी आहे आता. मैत्रीण मात्र अजून नुसतं हार्टच पाठवते, ताईंना ते लागतं, आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे.