लष्करी इतिहासाची सुरुवात कुठून करावी?

लष्करी इतिहास वाचायला घेण्याचा तुमचा उत्साह पाहून फार आनंद झाला. एकदम पानिपत हाती घेऊ नका. पुण्यात राहता, तर ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई निवडा. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत असताना पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांच्या घोडदळाने चढाई केली, पण इंग्रजी फळीपुढच्या दलदलीत घोडे रुतले आणि हल्ल्याचा जोर ओसरला, हे नकाशा समोर ठेवून वाचल्याशिवाय नीट उमगत नाही. पर्वतीवर उभे राहून खडकीकडे एकदा पाहाच.

बखरीतले सैन्याचे आकडे समकालीन पत्रांशी ताडल्याशिवाय स्वीकारू नका. त्याहून घातक चूक म्हणजे आजचे राजकीय पक्षाभिमान तेव्हाच्या माणसांवर लादणे. त्याने चर्चेचे भांडण होते. तोफांचे प्रकार, रसदीचे हिशेब सध्या राहू द्या.