वाचकांचे प्रश्न : अर्धशिशी आणि वाढलेलं वजन

प्रश्न : वय 34, उंची 155 सेंमी, वजन 78 किलो. कॉलेजपासून अर्धशिशी आहे. पूर्वी महिन्यातून दोनदा डोकं दुखायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन 14 किलोंनी वाढलं आणि आता महिन्यातले दहा-अकरा दिवस जातात. वजनामुळेच का? बारीक व्हायचं म्हणून सकाळचा नाश्ता सोडला, तर अकरालाच कपाळ ठणकतं. – एक वाचक, कराड

उत्तर : तुमची अर्धशिशी वजनाने आणलेली नाही, पण अटॅक वाढण्यात त्याचा हात असू शकतो. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साधारण 32.5 येतो, भारतीयांमध्ये 25 पासून पुढे स्थूलपणा धरतात. चरबी नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते. वजन आणि अर्धशिशीचा हा संबंध पाळी चालू असलेल्या वयातल्या बायकांत सर्वात ठळक दिसतो. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखू लागलं आणि तीन महिने तसंच राहिलं, तर दुखणं जुनाट होतं. तुम्ही त्या उंबरठ्याच्या जवळ आहात.

नाश्ता आधी सुरू करा. रिकामं पोट हे अर्धशिशीचं ठरलेलं निमित्त. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाणाऱ्या कितीतरी जणींना हे वेगळं सांगायला नको. उठल्यावर तासाभरात अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ खा, दिवसा दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर ठेवू नका. कपात करायची ती साखर, तळण आणि रात्रीच्या भातात. चहा मात्र एकदम तोडू नका, त्यानेही डोकं धरतं. आठवड्याला एक कप कमी करा.

पहिलं लक्ष्य 4 किलो, तीन महिन्यांत. चालणं 10 मिनिटांपासून, उन्हाआधी, हळूहळू 40 मिनिटांपर्यंत. पण सगळी भिस्त काट्यावर ठेवू नका. अमेरिकेतल्या एका चाचणीत वजन उतरवलेल्या बायकांना आणि फक्त अर्धशिशीबद्दल नीट शिकवलेल्या बायकांना जवळपास सारखाच आराम पडला होता.

आता गोळ्यांची पिशवी तपासा. अटॅक टाळण्यासाठी दिलेल्या फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढतं. ते ‘बाळंतपणाचं वजन’ म्हणून खपून जातं. टोपिरामेटने वजन उतरतं, पण बोटांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट चालू असताना गर्भ राहणं बाळाला धोक्याचं. स्वतःहून काहीच बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा. वेदनाशामक गोळ्या कॅलेंडरवर मांडा : एकत्रित घटकांची गोळी किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा अटॅक थांबवणारी खास गोळी) महिन्यात 10 दिवस, साधी गोळी 15 दिवस, एवढी झाली की गोळीच डोकं दुखवू लागते.

एक शंका अवश्य दूर करून घ्या. वजन वाढलेल्या तरुण बायकांत कवटीच्या आतला दाब वाढून असंच डोकं दुखतं आणि अर्धशिशी समजून वर्षं जातात. आडवं पडल्यावर किंवा वाकल्यावर दुखणं वाढणं, उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येणं, कानात नाडीच्या ठेक्यावर सूं-सूं ऐकू येणं यातलं काही असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून बाहुल्या मोठ्या करून डोळ्याची नस तपासून घ्या, आणि दिसणं धूसर होत असेल तर त्याच दिवशी. ती नस सुजून गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही.