वाचकांचे प्रश्न : बेघर माणूस गेला तर त्याची नोंद कुठे असते, आणि ती मागायची कशी?

प्रश्न : आमचा छोटासा ग्रुप आहे, रात्री रस्त्यावर झोपणाऱ्या लोकांना चादरी, औषधं वगैरे देतो. ओळखीचे चेहरे मधेच दिसेनासे होतात आणि मग कुणीतरी सांगतं की गेले ते. गेल्या वर्षी शहरात किती बेघर लोक मेले असं महापालिकेला आरटीआयमधून विचारलं, तर ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ एवढी एक ओळ आली. आता पुढे काय करायचं?

उत्तर : ताई, चीड येते असं उत्तर वाचून, पण बहुतेक ते खरंच असणार. माहिती अधिकारात ऑफिसकडे जे कागद आहेत तेच मिळतात, नसलेली बेरीज करून द्यायला कायदा त्यांना भाग पाडत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०११ मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये हेच सांगितलंय. म्हणून ‘किती मेले’ विचारायचं सोडा आणि ज्या रजिस्टरमध्ये ती माणसं एकेक करून लिहिलेली आहेत त्या रजिस्टरच्या कॉप्या मागा. बेरीज आपण करायची.

आता रजिस्टर कुठे कुठे असतात ते बघा. फूटपाथवर, पुलाखाली कुणी मेलेलं सापडलं की पोलीस स्टेशनला अकस्मात मृत्यूची नोंद होते, ज्याला सगळे एडीआर म्हणतात. आधी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या म्हणजे सीआरपीसीच्या कलम १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, त्यामुळे दोन्ही काळातलं हवं असेल तर अर्जात दोन्ही कलमं लिहा, नाहीतर अर्धंच मिळेल. मग बॉडी पोस्टमॉर्टेमला जाते, तिथे शवागाराचं रजिस्टर असतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सार्वजनिक जागी सापडलेल्या बेवारस मृतदेहाची खबर शहरात पोलीस स्टेशनच्या इनचार्जने निबंधकाला द्यायची असते, म्हणजे महापालिकेच्या मृत्यू नोंदीतही तो माणूस असायलाच हवा. नंतर स्मशानभूमी किंवा कब्रस्तानचं रजिस्टर. आणि एक जागा बरेच जण विसरतात, मेडिकल कॉलेजचा शरीररचनाशास्त्र विभाग, कारण कुणी न्यायला न आलेले मृतदेह १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली शिकवण्यासाठी दिले जाऊ शकतात, आणि अशी बॉडी स्मशानाच्या वहीत शोधून सापडणार नाही. रेल्वे हद्दीतलं सगळं लोहमार्ग पोलिसांकडे, शहर पोलिसांच्या आकड्यात ते येत नाही, मोठ्या जंक्शनच्या गावात तर हा फरक फार मोठा पडतो.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून प्रत्येक ऑफिसला वेगळा जोडपत्र ‘अ’ चा (माहिती अधिकाराचा ठरलेला नमुना) अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागणी अशी लिहा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या एडीआर रजिस्टरमधले नोंद क्रमांक, तारीख, मृतदेह सापडलेलं ठिकाण, लिंग, अंदाजे वय, मृत्यूचं कारण, ओळख पटली की नाही, अंत्यविधी कुणी केला, नावं नकोत. ‘कशाला हवंय’ असं विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये ते स्पष्ट आहे. ‘आमच्याकडे नाही, पोलिसांकडे जा’ म्हणाले तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज त्यांनीच पुढे पाठवायचा असतो. आणि शेकडो पानं असतील तर सरळ रेकॉर्ड बघायला मागा, पहिला तास फुकट असतो, वही घेऊन दोघी-तिघी जा.

हे सगळं का करायचं तर मृतदेह सापडलेल्या जागेचा रकाना हातात यावा म्हणून. शहरी बेघर निवारा योजनेत दर लाख लोकवस्तीमागे किमान १०० माणसांच्या निवाऱ्याची सोय असायला हवी असं लिहिलंय. कुठल्या वॉर्डात माणसं उघड्यावर मरतायत आणि तिथून जवळचा निवारा किती लांब आहे हे दोन कागद शेजारी ठेवले की प्रशासनाला टाळाटाळ करणं अवघड जातं. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजारांच्या आसपास बेघर लोक मोजले होते, जिवंतपणी मोजलेला माणूस मेल्यावर कुठल्याच यादीत बेघर म्हणून दिसू नये ही गोष्ट मला अजिबात सहन होत नाही.

प्रश्न : पोलिसांनी दोन कारणं देऊन नकार दिला, एक तपास चालू आहे आणि दुसरं वैयक्तिक माहिती. आता अपील करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, नक्की करा. ‘तपास चालू’ हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(एच) चं कारण, पण माहिती दिल्याने तपासात नेमका अडथळा कसा येईल हे त्यांनी सांगायला लागतं, दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या केसमध्ये हेच म्हटलंय. वर्षभरापूर्वीच्या एडीआरच्या तारखा आणि जागा सांगितल्याने कुठला तपास बिघडणार आहे?

वैयक्तिक माहितीचं मात्र आता कठीण झालंय हे मान्य करायला लागेल. डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे, पूर्वी त्यातच जनहिताची वाट होती ती काढून नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलंय. पण कलम ८(२) शिल्लक आहे, लोकांचं हित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि कलम १० पण आहे, नाव-पत्ता झाकून बाकीचा कागद द्या असं सांगणारं. अपिलात ही दोन्ही कलमं लिहा. तुम्ही मुळात नावं मागितलीच नसतील तर तुमची बाजू भक्कम आहे. पहिलं अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगात वेळ लागतो, खूप लागतो, तरी सोडू नका.

प्रश्न : रजिस्टर मिळालं, पण त्यात कोण बेघर होतं हे ओळखायचं कसं? सगळे अनोळखी म्हणजे बेघरच का?

उत्तर : नाही, आणि ही गडबड पेपरवाले पण करतात. ‘अनोळखी पुरुष जातीचे प्रेत’ म्हणजे घरून निघालेला, खिशात काहीच कागद नसलेला माणूसही असू शकतो. उलट सरकारी दवाखान्यात नावासकट दाखल होऊन टीबीने गेलेली बाई बेघर असते पण ती एडीआरमध्ये येतच नाही. मृत्यूच्या फॉर्मवर पत्त्याचा रकाना असतो, माणूस बेघर होता का असा रकाना नसतो. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या रिपोर्टात थंडीने, उष्माघाताने गेलेले असतात, पण ते घरात होते का रस्त्यावर ते कळत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी आकडेवारी खात्याने यावर काम केलं होतं, मृत्यू नोंदींमध्ये ‘राहायचा ठावठिकाणा नाही’ असे शेरे आणि निवाऱ्यांचे पत्ते शोधून त्यावरून अंदाज काढायचे, २०२१ साठी तो ७४१ होता. नंतर त्यांनी ते बंद केलं, वाईट झालं. पण पद्धत आपल्याला वापरता येते. पत्त्याच्या रकान्यात फिरस्ता, फूटपाथ, अमुक पुलाखाली, स्टेशन परिसर, निवारा केंद्राचं नाव असं काही दिसलं की वेगळी खूण करा. तीन गट ठेवा : नक्की बेघर, बहुधा बेघर, सांगता येत नाही. आणि छापताना तिन्ही आकडे छापा, एकच मोठा आकडा फेकलात तर पहिलाच अधिकारी तो खोडून काढेल आणि तुमची सगळी मेहनत वाया.

प्रश्न : माझा भाऊ घर सोडून गेलाय, काही वर्षं झाली. तो कुठे बेवारस म्हणून गेला असेल का हे आरटीआयने कळेल का?

उत्तर : दादा, आरटीआयची वाट बघत बसू नका, त्यात ३० दिवस जातात आणि अपिलात कितीतरी जास्त. आधी मिसिंगची तक्रार दिलेली नसेल तर आज द्या, कितीही वर्षं झाली असली तरी. तक्रारीचा नंबर आणि भावाचा फोटो घेऊन पोलीस स्टेशनला अनोळखी मृतदेहांचे फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा बघायला मागा, तो शेवटचा जिथे दिसला होता तिथल्या लोहमार्ग पोलिसांकडेही जा. एखाद्या नोंदीशी जुळतंय असं वाटलं आणि नमुना जपलेला असेल तर डीएनए तपासणीची लेखी विनंती करा. ओळख पटली तर मृत्यूचा दाखला निबंधकाकडे रीतसर अर्ज करून मिळतो, त्यावर मृत्यूचं कारण नसतं, ते हवं असेल तर पोस्टमॉर्टेम रिपोर्टची कॉपी नातेवाईक म्हणून पोलिसांकडे मागा. जाताना कुणालातरी सोबत घेऊन जा, ते फोटो एकट्याने बघू नका.