तीन शर्करा, पण अ‍ॅनोमेरिक सिग्नल दोनच

तुमचा प्रश्न असा आहे: एका अनोळखी शर्करेच्या मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन मोजणाऱ्या चाचणीत) सोडियमसकट ५२७, म्हणजे रेणूभार ५०४, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन हेक्सोज (सहा कार्बनच्या शर्करा). प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनचे सिग्नल दाखवणाऱ्या चाचणीत) मात्र अ‍ॅनोमेरिक भागात (शर्करेच्या जोडाच्या कार्बनवरचा हायड्रोजन, म्हणजे एच-१, जिथे दिसतो तिथे) दोनच सिग्नल, ५.४३ आणि ४.९९ पीपीएमला (पीपीएम म्हणजे सिग्नलची जागा सांगणारं एकक). नमुना अशुद्ध आहे का?

अशुद्ध नमुन्यात सिग्नल वाढतात हो, गायब होत नाहीत. पुन्हा शुद्धीकरणाचा कॉलम चालवायच्या भानगडीत इतक्यात पडू नका.

पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. जड पाण्यात (ज्यात नमुना विरघळवतात त्यात) २५ अंशांना उरलेल्या पाण्याचा, म्हणजे एचओडीचा, सिग्नल ४.८ च्या आसपास असतो, आणि बीटा जोडाचा (जोडाच्या दिशेवरून अल्फा किंवा बीटा म्हणतात) एच-१ साधारण ४.४ ते ४.८ मध्ये येतो. पाणी दाबायला प्रीसॅच्युरेशन लावलं असेल तर शेजारचा एच-१ही त्यासोबत पुसला जातो. मी एकदा ‘बीटा जोड नाही’ असं वहीत लिहून मोकळा झालो होतो. ४५ अंशांना स्पेक्ट्रम घेतला आणि ४.७८ ला डबलेट (दुहेरी सिग्नल) उभा! तापमान वाढवलं की पाणी दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम उजवीकडे सरकतं, शर्करेचे सिग्नल जवळपास जागच्या जागी राहतात. त्यामुळे दोन तापमानांना घेतलेले स्पेक्ट्रम एकमेकांवर ठेवून पाहा.

दुसरी शक्यता दोन एच-१ एकावर एक बसल्याची. तुमच्या दोन्ही सिग्नलांचं इंटिग्रेशन (सिग्नलखालचं क्षेत्रफळ) सारखं आहे, तेव्हा ती बाद.

आता खरी गंमत. कार्बन स्पेक्ट्रममध्ये १०४.७ ला सिग्नल आहे, पण एचएसक्यूसीत (हायड्रोजन असलेले कार्बनच दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) तिथे काहीच दिसत नाही, असं तुम्हीच शेवटी जाता जाता लिहिलंय. अहो, उत्तर तिथेच आहे! अ‍ॅनोमेरिक कार्बन आहे, पण त्यावर हायड्रोजन नाही, म्हणजे तिसरी शर्करा कीटोज, बहुधा फ्रुक्टोज. खात्री हवी असेल तर डेप्ट-१३५ या कार्बन स्पेक्ट्रममध्ये उलटे सिग्नल, म्हणजे सीएच-टू (दोन हायड्रोजन असलेले कार्बन), मोजा. तीन आल्डोहेक्सोज (ग्लुकोजसारख्या, एच-१ असलेल्या) असत्या तर सीएच-टू तीनच असते. एक फ्रुक्टोज आली की चार होतात, कारण तिचे सी-१ आणि सी-६ दोन्ही सीएच-टू.

शिवाय मोकळं रिड्युसिंग टोक (दुसऱ्या शर्करेला न जोडलेला अ‍ॅनोमेरिक कार्बन) असतं तर अल्फा-बीटा मिश्रणामुळे ५.२२ आणि ४.६३ च्या आसपास असमान उंचीची जोडी दिसली असती. ती नाही. मला हे रॅफिनोज (गॅलॅक्टोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडून झालेली शर्करा) वाटतंय.

एच-१ चे कपलिंग (शेजारच्या हायड्रोजनमुळे सिग्नल किती फाटतो ते) ३.९ आणि ३.७ हर्ट्झ, म्हणजे दोन्ही अल्फा. (मॅनोजच्या बाबतीत हा नियम चालत नाही. तिथे अल्फा-बीटा दोन्हींचं कपलिंग बारीकच असतं, त्यामुळे सी-१ आणि एच-१ मधलं थेट कपलिंग पाहावं लागतं: अल्फाला सुमारे १७० हर्ट्झ, बीटाला १६०.) टॉक्सीमध्ये (एकाच शर्करेतले हायड्रोजन माळेसारखे दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) ४.९९ पासून निघालेली माळ एच-४ पाशी तुटत असेल तर ती गॅलॅक्टोज, कारण तिचं एच-४ आणि एच-५ मधलं कपलिंग जेमतेम एक हर्ट्झ. मासला हे कधीच कळणार नाही, ग्लुकोज काय नि गॅलॅक्टोज काय, त्याला जोडातलं पाणी वजा जाता दोन्ही १६२. आयआरवर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रमवर) तर वेळच घालवू नका.

कोण कुठे जोडलंय ते एचएमबीसी (दोन-तीन बंध पलीकडच्या हायड्रोजन-कार्बन जोड्या ठिपक्यांनी दाखवणारा स्पेक्ट्रम) सांगेल. ५.४३ वरून १०४.७ ला ठिपका आला की ग्लुकोज फ्रुक्टोजच्या सी-२ ला जोडलेली. ४.९९ वरून ६७ च्या जवळच्या सीएच-टूला आला की गॅलॅक्टोज ग्लुकोजच्या सी-६ वर. बाकीचे मोकळे सीएच-टू ६२-६३ ला असतात, जोड आला की कार्बन असा डावीकडे सरकतो.

मग बाजारातलं रॅफिनोज आणून त्याच तापमानाला, त्याच नळीत स्पेक्ट्रम घ्या आणि ताडून पाहा. डी की एल (आरशातल्या प्रतिमांसारखी दोन रूपं) हे साध्या एनएमआरला कळत नाही. त्यासाठी जलविच्छेदन करून, कायरल अल्कोहोलशी (ज्याचं असंच एकच रूप घेतलंय अशा अल्कोहोलशी) जोडून जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) करावं लागेल. ते होईपर्यंत नावाआधीचा ‘डी’ गृहीत धरलेला आहे असं अहवालात स्पष्ट लिहा.